खंडेनवमीनंतरची तक्रार

"मशीन चांगली हाय ताई, आत्यांचा हातच गेला आता," मनीषानं मला दारातच सांगितलं. इकडे सून सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणते. या आत्या, म्हणजे कौशल्याबाई, शेजारीच गवार निवडत बसल्या होत्या. "हाव, गेला," असं म्हणून त्यांनी पुढची शेंग मोडली.

मी नांदेडला शिलाई मशीन दुरुस्त करते. दुकान वडिलांचं, आता मी चालवते. जुनी पायमशीन काही बसमध्ये घालून आणता येत नाही, म्हणून अशा कामाला हत्यारांची पिशवी घेऊन मीच जाते. त्या दिवशी कंधारला गेले होते. मशीन रविवारी इस्लापूरच्या पुतणीला द्यायचं ठरलं होतं, त्याआधी एकदा बघून घ्यायची होती. अर्ध्या गल्लीचे ब्लाउज तिच्यावर शिवले गेले होते. पण दिवाळीत कौशल्याबाईंनी एकच ब्लाउज पुन्हा पुन्हा उसवला आणि शेवटी बाईला कापड परत केलं. तेव्हापासून मशीनवर चादर पडली होती.

"डोळे दाखवले का, मावशी?"

"दाखवले. डॉक्टर म्हणला ठीक हाय. मग हातच असंल की."

वीज गेली म्हणावं इतक्या साधेपणानं त्या म्हणाल्या. मला ते ऐकवेना. मी चादर काढली.

शेवटचं शिवलेलं चिंधूक मागून घेतलं. वरून टाका बरा होता. खाली उलट्या बाजूला टॉवेलासारखे फासेच फासे. इथे थोडं समजावून सांगते. शिवण दोन धाग्यांची असते. एक वरून सुईतून येतो, दुसरा खालून बॉबिनमधून. दोघांची गाठ कापडाच्या मधोमध पडली पाहिजे. वरचा धागा सैल पडला की खालचा त्याला ओढून नेतो आणि फासे खाली दिसतात. खाली दिसतात म्हणून लोक बॉबिन केस बदलतात. मनीषाच्या नवऱ्यानंही नवी आणून बसवली होती. ती चांगली होती, फक्त तिची गरज नव्हती.

सुई बदलली. फूट उचलून धागा नव्यानं ओवला. फूट म्हणजे कापड दाबून धरणारा तो लोखंडी पाय. तो वर असला की टेन्शनच्या दोन गोल चकत्या उघडतात, खाली केला की मिटतात आणि धागा धरतात. मी फूट खाली करून धागा ओढला. तो सुळकन आला. टेन्शनचा नट पूर्ण आवळला, पुन्हा ओढला, पुन्हा सुळकन. म्हणजे चकत्या मिटतच नव्हत्या. मध्ये काहीतरी अडकलेलं होतं.

नट काढला, स्प्रिंग काढली, चकत्या बाहेर घेतल्या. आतून दोन्हींना लालभडक थर. धाग्याची कुसं, मशीनचं तेल आणि कुंकू, तिन्ही मिळून मेणासारखं घट्ट झालेलं.

"खंडेनवमीला पूजा कोणी केली?"

"मीच," मनीषा म्हणाली. "दरसाल आत्याच करायच्या. मागल्या साली मामा गेले, तर सणच केला न्हाई. औंदा मी केली. त्या गोल चकतीला कपाळासारखं भरून लावलं. चुकलं का ताई?"

मी काही बोलायच्या आत कौशल्याबाई उठून आल्या. चकती हातात घेऊन नखानं खरवडली.

"कुंकू लाकडाला लावायचं असतं ग. लोखंडाला न्हाई."

"मग तवाच सांगायचं होतं की, आत्या."

"मी आत बसले होते. कुंकवाच्या ताटापुढं मी कशी येणार?"

मनीषा खाली बघायला लागली. मला राग आला. तिथं कोणावर काढण्यासारखा नव्हता, म्हणून चकत्या जरा जास्तच घासल्या. पेट्रोलचा बोळा, मग कोरडं फडकं. चकचकीत झाल्यावर सगळं पुन्हा बसवलं. वर पांढरा धागा घातला, खाली काळा. असं केलं की गाठ कुठे पडते ते लगेच दिसतं.

"चालवा, मावशी."

"तूच चालव. मला आता जमत न्हाई."

"मी दुरुस्त करते. शिवायचं काम तुमचं."

त्या बसल्या. पदर खोचला, पाय पट्टीवर ठेवला. चिंधूक सरकत गेलं. त्यांनी ते उलटं करून बघितलं, मग खिडकीपाशी नेऊन बघितलं. काळा खाली, पांढरा वर, फासा एकही नाही. मी पिशवी आवरायची घाई केली नाही.

"आत्या, मग इस्लापूरला काय सांगू?" मनीषानं विचारलं.

"सांग, मशीन रिकामी न्हाई."

निघताना मी दोघींना समोर उभं करून सांगितलं, की यापुढं पूजा मशीन चालवणारीनंच करायची, कुंकवासकट. मनीषा हळूच म्हणाली, "करू ताई, पर लोक नावं ठेवतील."

"त्यांना सांगा, मेकॅनिकची अट हाय. दुसऱ्यानं हात लावला तर गॅरंटी जाती."

त्या मशीनचं वय बघता गॅरंटी देणारे आणि घेणारे दोघंही केव्हाच गेले असतील. तरी कौशल्याबाईंनी गंभीरपणे मान हलवली.

दसऱ्यानंतर टेन्शनची तक्रार आली की आता मी बॉबिनकडे बघतही नाही, आधी चकत्या उघडते. पुढच्या खंडेनवमीला मनीषाचा फोन आला. आत्यांनी लाकडी टेबलावर कुंकवाचं एक बोट लावलं, तेवढ्यात शेजारच्या बाई आल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, कौशल्या, तू?"

आत्यांनी ताट खाली ठेवलं नाही. म्हणाल्या, "माझी हौस न्हाई बाई. कंपनीचा नियम हाय."