डावखुरी रायफल

कात्री आणि रायफल या दोनच गोष्टींनी ऊर्मिला सोवनीला डावखुरेपणाचा खरा त्रास दिला. कात्रीचं तिने कसंतरी जमवून घेतलं. रायफलचं जमायला मात्र पन्नाशी उजाडली.

कोल्हापूरला कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पमध्ये तिने पहिल्यांदा रायफल उचलली, ती डाव्या खांद्याला लावून. सुभेदारसाहेबांनी ती काढून उजव्या खांद्याला लावली आणि ते पुढच्या मुलीकडे गेले. तरीही तिचा नेम चांगला लागायचा. मग इंजिनिअरिंग, पुण्यातली नोकरी, चारुदत्तशी लग्न, आणि दोघांचं जर्मनीत श्टुटगार्टला येणं. आता ते तिथल्याच त्सुफेनहाउझेन भागात राहतात. तो गाड्यांच्या कारखान्यात आहे आणि ती पॅकिंगच्या यंत्रांची डिझाइनं करते.

काही वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एकाने तिला आपल्या शुत्सनफेराइनमध्ये, म्हणजे नेमबाजीच्या क्लबात नेलं. तिथे तिला पहिला प्रश्न विचारला गेला, "उजवा हात की डावा?" ती त्या प्रश्नावरच खूश झाली. पण क्लबच्या सगळ्या रायफली उजव्या हाताच्या. डाव्या खांद्यावरून गोळी झाडली, की हात वरून पलीकडे नेऊन बोल्ट, म्हणजे पुढची गोळी भरायचा दांडा, ओढायचा, म्हणजे इतक्या मेहनतीने धरलेली पोझिशन प्रत्येक वेळी मोडायची. अशा परिस्थितीतही तिचे गुण वाढत गेले, आणि वसंतातल्या जिल्हा स्पर्धेसाठी क्लबने तिला संघात घेतलं. परवान्याचं कार्डही हातात आलं. आता स्वतःची रायफल हवी होती.

"घेणार नाही, बनवणार," तिने जेवताना जाहीर केलं.

"घरात?" चारुदत्तने भाजी वाढून घेत विचारलं.

"घरात कशी? नळी आणि बोल्ट परवानावाल्या कारागिरानेच बसवायचे असतात, तसा कायदाच आहे. पण लाकडाचं सगळं काम माझं. दस्ता, मूठ, गालाचा टेकू. माझ्या मापाचं."

चारुदत्त म्हणाला, "तयार मिळतात ना? एक घे आणि सराव कर."

"तयार मिळतात त्या सहा फुटी माणसांसाठी."

हिवाळाभर ती ऑफिसातून आली की कॉम्प्युटरवर दस्ता काढत बसायची. त्या वेळी पुण्याहून तिच्या सासूबाई, यमुनाबाई, राहायला आल्या होत्या. एका रविवारी ऊर्मिलाला मुठीसाठी हाताचा ठसा हवा होता, पण त्यासाठी माती आणावी तर रविवारी जर्मनीतली दुकानं बंद. ती स्वयंपाकघरात आली.

"अहो आई, थोडी कणीक देता?"

"पोळीसाठी?"

"रायफलीसाठी."

यमुनाबाईंनी गोळा दिला. ऊर्मिलाने तो काठीवर थापून घट्ट धरला. बोटं छान उमटली, पण ठेवल्यावर कणीक हळूहळू खाली बसली. यमुनाबाई बघत होत्या. त्यांनी ती परत घेतली, भरपूर मीठ घालून दगडासारखी घट्ट मळली आणि म्हणाल्या, "आता धर." या वेळचा ठसा टिकला. त्यावरून ऊर्मिलाने अक्रोडाच्या लाकडाची मूठ कोरली. ती हातात इतकी नेमकी बसली, की दोन दिवस ती टीव्ही बघतानाही मूठ धरून बसायची.

ती मूठ घेऊन ती क्लबच्या ओळखीच्या कारागीर बाईंकडे गेली. फ्राऊ हेबर्ले बंदुका बनवायच्या आणि दुरुस्त करायच्या. त्यांनी मूठ सगळीकडून फिरवून पाहिली.

"सुंदर झालीये," त्या म्हणाल्या. "पण डाव्या हाताचा बोल्ट मागवला तर यायला शरद ऋतू उजाडेल. नंतर नळी बसवणं, चाचणी. तुमची स्पर्धा कधी आहे?"

"एप्रिलमध्ये."

"आल्झो, म्हणजे जमणार नाही," फ्राऊ हेबर्ले म्हणाल्या. "बॉनला माझे एक जुने गिऱ्हाईक आहेत, लिंडनर. डावखुरे. खांदा दुखतो म्हणून आता पिस्तूल खेळतात. त्यांची रायफल पडून आहे. नुसती बघून तर या."

ऊर्मिलाला जायचं नव्हतं. तिचा दस्ता जवळजवळ पुरा झाला होता, निदान पडद्यावर तरी. पण चारुदत्तने शनिवारची तिकिटं काढली.

लिंडनर पोस्टातून निवृत्त झालेले, उंच, मितभाषी गृहस्थ होते. त्यांनी दोघांना आपल्या क्लबच्या रेंजवर नेलं आणि रायफल तिच्या हातात दिली. दस्ता थोडा लांब होता, त्यांनी तो स्क्रू सैल करून आत घेतला. गालाचा टेकू खाली केला. मूठ जाड होती, तिच्यावर त्यांच्याकडे इलाज नव्हता.

ऊर्मिला नेम धरायला पालथी झाली. पहिली गोळी झाडली आणि सवयीने हात पलीकडे न्यायला गेली, तर बोल्ट इकडेच, बोटांजवळ. तिला हसू आलं. तिने तो ओढला, दुसरी गोळी भरली. खांदा हलला नाही, गाल उचलावा लागला नाही. मग ती झाडत राहिली. चारुदत्त मागे खुर्चीवर बसून कॉफी पीत होता. ती उठली तेव्हा त्याची कॉफी कधीच संपली होती.

लिंडनरनी टार्गेट तिच्या हातात दिलं. मधल्या काळ्या ठिपक्याचं एकच मोठं भोक झालं होतं.

"कशी वाटली?" चारुदत्तने मराठीत विचारलं.

"इतक्या वेळात मला माझं ड्रॉइंग एकदाही आठवलं नाही," ती म्हणाली. जरा वाईट वाटल्यासारखं, पण चेहरा फुलला होता. "हीच घेऊ या."

"आणि तुझा दस्ता?"

"राहू दे. मूठ मात्र माझीच बसवणार."

लिंडनरना मुठीची गोष्ट सांगितली, तेव्हा ते प्रथमच मोकळेपणाने हसले आणि कणकेत मीठ किती घालायचं ते विचारून घेतलं. त्यांना पिस्तुलाच्या मुठीसाठी हवं होतं.

कागदपत्रं झाल्यावर फ्राऊ हेबर्लेंनी मूठ बसवली. उरलेले आठवडे ऊर्मिलाने फक्त सराव केला. कॉम्प्युटर बंद, त्यामुळे संध्याकाळी रेंजवर जायला वेळही मिळू लागला.

स्पर्धेत तिसरी येऊन ती घरी परतली, आणि बूटही न काढता पुण्याला व्हिडिओ कॉल लावला.

"अहो आई, तिसरी आले."

पलीकडे यमुनाबाईंनी चष्मा सारखा केला. "तीनच जणी होत्या का?"

"नाही हो, हॉल भरला होता."

"मग छान," त्या म्हणाल्या आणि शेजारच्या कुंदाताईंना सांगायला फोन तसाच ठेवून उठल्या. ऊर्मिला बराच वेळ त्यांच्या छताचा पंखा बघत, हसत बसली.