यादीतलं पाचवं नाव

"पाच? अगं सूनिम, यादीत पाच नावं कशी झाली?"

"हळू बोल ना, मालजाताई. पलीकडच्या खोलीत माणसं खेळताहेत."

"ऐकू दे त्यांना! गटात माणसं किती असतात?"

"चार."

"तीस वर्षं यातच घालवलीस ना? मग ही पाचवी कुठून उगवली?"

सूनिमने मोबाईल मांडीवर पालथा घातला आणि लगेच पुन्हा उलटून पाहिला. चार वाजून वीस. 'चौघींची नावं पाचच्या आत पाठवा, नाहीतर मैदानाची वेळ दुसऱ्या गटाला जाईल.' सहलीच्या एजंटचा हा निरोप सकाळपासून तिच्याकडे डोळे वटारून बघत होता.

योजू शहरातली गोल्फची मैदानं महिनाभर बर्फाखाली होती. म्हणून दोघी या तळघरातल्या खोलीत, पडद्यावरच्या हिरवळीवर चेंडू मारून हात मोकळे करायला आल्या होत्या. पुढच्या महिन्यात परदेशात, दा नांगला खेळायला जायचं होतं. तिथे समुद्र, उकाडा आणि खरंखुरं गवत.

सूनिमचा गुन्हा एवढाच, की गट मोजताना ती स्वतःला मोजायला विसरली होती. तीस वर्षं तिने कॅडीचं काम केलं. रोज पहाटे चार पाहुण्यांची नावं पत्रकावर लिहायची, स्टिकांच्या चार पिशव्या गाडीवर चढवायच्या, चौघांचे चेंडू झाडाझुडपांतून शोधून आणायचे. पाचवी ती स्वतः, पण पाचवीला कोणी मोजत नाही. मालजाताई, कापसुन आणि यंगदोक, तिघी तिच्यासारख्याच कामावरून निवृत्त झालेल्या. तिघींची नावं लिहून झाली आणि तिला वाटलं, अरे, एक कमी पडतेय. त्याच आठवड्यात बाजारात मैदानावरच्या जुन्या पाहुण्या मिन बाईसाहेब भेटल्या आणि सहलीचा विषय निघाला. "चौथी हवीय होय? मी येते की!" आणि सूनिम म्हणून बसली, "या ना, बाईसाहेब."

एजंटने पासपोर्टचे फोटो मागितले. चौघींचे फोटो मोबाईलवर आले, आणि आपलाही पाठवावा म्हणून तिने कपाटातून स्वतःचा पासपोर्ट काढला. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

"मग सांग त्यांना, चुकले म्हणून," मालजाताई म्हणाली.

"कसं सांगू? एकोणीस वर्षं त्यांची पिशवी उचलली मी. आई आजारी होती तेव्हा त्यांनी गाडी पाठवली होती."

"बरं झालं विमान नाही पाठवलं. नाहीतर घरदारच लिहून दिलं असतंस."

"ताई, मी असं करते. मी येते नुसती. तुम्ही चौघी खेळा. मी मागून चालेन. वारा कुठून आहे, उतार कुठे आहे, ते सांगेन."

मालजाताईने हातातली स्टिक भिंतीला टेकवली. "वा! आणि कॅडीसारखा टोपीवर नंबरही लाव. आमचा चेंडू पाण्यात गेला तरी 'छान मारलात हं' म्हणून टाळ्या वाजव. अगं, तिथे प्रत्येकीला वेगळी कॅडी मिळते, हे मला कोणी सांगितलं? 'एकदा तरी मी नुसता हात पुढे करावा आणि कुणीतरी त्यात स्टिक ठेवावी,' हे कोण म्हणालं होतं? माझी सासू?"

सूनिमला हसू आलं. निवृत्त झाल्यावर तिने जुन्या स्टिका घेतल्या होत्या. दोन वर्षं ती कुणालाही न सांगता सराव करत होती. खरं मैदान मात्र अजून एकदाही खेळली नव्हती.

दार उघडलं. मिन बाईसाहेब आत आल्या. खांद्यावर लांब पिशवी, हातात संत्र्यांची थैली.

"इथेच असाल म्हटलं! ही माझी नवी टोपी बघ, सूनिम. आणि मी लांबचा चष्मा घेणार नाहीये हं. तू असल्यावर चेंडू तूच बघशील."

पिशवी दाराशी टेकवून त्या बसल्या. सूनिमने संत्रं सोललं, शिरा काढल्या आणि फोडी बाईसाहेबांच्या हातावर ठेवल्या. मालजाताई खाकरली. सूनिमने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. सालीचा पिवळा रस अजून ओला होता.

पाचला बारा कमी.

"बाईसाहेब, माझी एक चूक झालीय. गट आधीच भरला होता. चौथी मी आहे."

"तू तर असणारच ना बरोबर."

"बरोबर नाही. खेळायला."

"तू खेळतेस?"

त्यात टोमणा नव्हता. बाईसाहेबांना खरोखरच नवल वाटलं होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

"दोन वर्षं झाली."

"मग मी?"

आत्ता थांबले तर कधीच जमणार नाही, एवढंच सूनिमला कळत होतं. तिने मोबाईल घेतला. मालजाताई, कापसुन, यंगदोक आणि त्यांच्याखाली तिने पासपोर्टवरचं आपलं नाव लिहिलं: प्यो सूनिम. निरोप गेला.

"पाच जणींना कुठल्याच मैदानावर एकत्र सोडत नाहीत, तुम्हाला माहितीच आहे," ती म्हणाली. "माझं नाव मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. माझ्यामुळे तुम्ही टोपी घेतलीत, मला माफ करा. मार्चमध्ये इथलं मैदान उघडलं की आपण खेळू. एकाच गटात, तुम्ही नि मी. याल ना?"

बाईसाहेबांनी उरलेल्या फोडी टेबलावर ठेवल्या. रुमालाने एकेक बोट पुसलं. टोपी दुमडून पर्समध्ये सरकवली आणि त्या उठल्या.

त्यांच्याबरोबर सूनिमही उठली. तिचा हात आपोआप पिशवीच्या पट्ट्याकडे गेला. मागून मालजाताईने तिचा स्वेटर धरून ठेवला.

"याल ना, बाईसाहेब?"

बाईसाहेबांनी पिशवी स्वतः उचलली. तिचं टोक दाराच्या चौकटीवर आपटलं. ती सावरून त्या बाहेर पडल्या.