दूध न्यायला येणारी जीप

असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते धुळीसारखे साचत जातात. आणि आमची तर नोकरीच धूळ जमवण्याची! सत्तरच्या दशकात परदेशात कुठे अणुबाँबची चाचणी झाली, की तिची धूळ वाऱ्याबरोबर गावोगाव फिरायची. ती आपल्या दुधात, गवतात किती उतरली हे मोजायचं, म्हणून सरकारी प्रयोगशाळेतले आमचे साहेब आणि मी भिवंडीकडे सॅम्पल आणायला जायचो. लोक एकच विचारायचे, "पोरांना दूध द्यायचं का न्हाय?" आणि आकडे बाहेर सांगायला आम्हाला सक्त मनाई! मला त्याची तेव्हाही लाज वाटायची, आजही वाटते.

*

धूळ पकडायला आम्ही एका पॉवरलूमच्या गच्चीवर डिंक लावलेला कागद ठेवला होता. दुसऱ्या दिवशी बघतो तर कागदावर कापसाच्या तंतूंची गोधडी! लूमचे मालक अन्सारीभाई हसले. "साहब, ये धूल तो हमारी है!"

मी सहज किरणोत्सर्ग मोजायचा काउंटर जवळ नेला, तर तो टिकटिकायला लागला. हवेतल्या नेहमीच्या धुळीनंही तो थोडाफार वाजतोच, पण अन्सारीभाईंचं हसू मावळलं. त्यांनी सदऱ्याची बटणं सोडून छातीवर हात ठेवला.

"तीस साल की रुई यहाँ भी है. ज़रा लगाकर देखो!"

साहेबांनी काउंटर बंद केला आणि "चला, उशीर होतोय," म्हणाले. उशीर कसला? अकराच वाजले होते.

*

बाँबमधलं आयोडीन गवतातून बकऱ्याच्या गळ्यातल्या गाठीत जाऊन बसतं. म्हणून आम्ही मटणवाल्या मामूंकडून त्या गाठी घ्यायचो. मामू एकदम बोलघेवडा माणूस. एकदा विचारलं, "गाँठ तो आदमी के गले में भी होती है ना?"

मी हो म्हणालो. चूक झाली! त्यानंतर मामू एका हातानं गाठींची बाटली द्यायचे आणि दुसरा हात स्वतःच्या गळ्यावर. नजर मात्र कधी वर केली नाही.

*

भिवंडीजवळच्या दापोड्याला जनाबाईच्या म्हशीचं दूध आम्ही सॅम्पलला न्यायचो. नासू नये म्हणून त्यात फॉर्मालिन घालायचो. एकदा बाटली तिच्या ओट्यावरच विसरली. चार दिवसांनी गेलो, तर म्हातारी बाटलीपासून दहा हात लांब बसलेली.

"सायब, नासलं न्हाय. माशीबी बसत न्हाय. मांजर आलं, वास घेतला नि पळालं. ह्ये दूध जितं हाय का मेलेलं?"

मी औषध घातल्याचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण बाटली काही हातात दिली नाही. बोटानं दाखवली.

*

पण जनाबाई हुशार. आम्ही काही सांगत नाही म्हटल्यावर तिनं दूध तपासायची स्वतःची युक्ती काढली. आम्ही गेलो की त्याच म्हशीच्या ताज्या दुधाचा चहा करायची, साहेबांच्या हातात कप द्यायची आणि नातवाचा पेला भरून बाजूला ठेवायची. साहेबांनी घोट घेतला, की पेला नातवाला! "तुमी प्याला, म्हंजी माजा नातू पिनार!"

एका सकाळी निघताना साहेबांनी आदल्या दिवशीच्या गवताच्या आकड्यांचा कागद वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. वाटेत तो काढून पुन्हा दोनदा वाचला.

जनाबाईनं चहा आणला. मी आपला फुर्रकन पिऊन मोकळा. साहेबांनी हात जोडले.

"आज नको, जनाबाई. उपास आहे."

"उपासाला चाय चालते की, सायब."

साहेब वाकून बूट घालायला लागले. नाडी बांधायला त्यांना बराच वेळ लागला. जनाबाई बघत राहिली. मग तिनं भरलेला पेला उचलला, चुलीवरचं पातेलं घेतलं आणि मागच्या उकिरड्यावर सगळं दूध ओतून आली. नातू भोकाड पसरून रडत होता.

जीप हमरस्त्याला लागल्यावर मी म्हणालो, "साहेब, आज कसला उपास?"

साहेब खिडकीबाहेर बघत होते.

"तू," ते म्हणाले, "सगळा प्यायलास?"