दारामागची बाई

नंदा गेल्याचं मला सोसायटीच्या ग्रुपवर कळलं. मी तेव्हा मुलीकडे पुण्याला होते. वर टँकर उशिरा येणार असल्याची सूचना, खाली कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक आणि मध्ये ती. एकाने केकला हात जोडले होते, दुसऱ्याने घाईत नंदाला टाळ्या वाजवल्या होत्या. अंबरनाथ पूर्वेला आमची दारं समोरासमोर. ती लग्न होऊन आली तेव्हापासूनची आमची ओळख, आणि निरोप हा असा! तिला कावीळ झाली, ती लिव्हरपर्यंत गेली आणि बघता बघता सगळं आटोपलं. पण भेटायला येणाऱ्यांना नुसती कावीळ पुरत नाही. "फार विचार करायची हो, त्यानेच खाल्लं तिला," असं सोफ्यावर बसून, चहाची बशी सांभाळत सांगत होते. विचार करून माणसं मरत असती, तर ही मंडळी अमरच म्हणायची.

विचार ती करायची, हे खरं. सई झाली आणि नंदाच्या छातीत भीती जाऊन बसली. बाळ झोपलं की श्वास चालू आहे ना म्हणून नाकाशी बोट धरायची, गॅलरीच्या गजांतून डोकं जाईल का ते फूटपट्टीने मोजायची. नवरा प्रकाश आनंदनगरच्या एका कंपनीत सुपरवायझर. मशीनचा आवाज जरा बदलला तर त्याला म्हणे लांबूनच कळतो. बायकोचा बदललेला आवाज काही त्याला कळला नाही. "टेन्शन कसलं घेते ही, ताई? दिवसभर घरीच तर असते," असं मला वर तोंड करून विचारायचा. सासू बदलापूरकडच्या गावची. ती म्हणायची, "आमी चार पोरां वाढवली गो, आमच्या नाय कधी छातीन धडधडला." चारातलं एक पोर तापात गेलं होतं, ते ती मोजायची नाही. न धडधडण्याचा केवढा तो अभिमान!

नंदाने मग आपला उपाय आपणच शोधला. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात आपण दुधाचा खाडा लिहितो ना, त्याच्याच शेजारी ती त्या दिवसाची भीती लिहायची. "गॅलरी." "उघडं गटार." "शाळेची रिक्षा." संध्याकाळी सई धडधाकट घरात असली की त्यावर काट मारायची. सगळं उघड्यावर, येता-जाता दिसेल असं. पण त्या घरात सिलिंडरची तारीख सोडून कॅलेंडर वाचलंय कोणी!

मनाच्या डॉक्टरकडेही आम्ही जायचो. उल्हासनगरला, कपडे घ्यायला जातो म्हणून सांगून. म्हणजे येताना काहीतरी घेणं आलंच. दुकानातला सिंधी शेठ म्हणायचा, "दीदी, इतनी लेगिंग का क्या करती हो?" नंदा पोट धरून हसायची... गोळ्यांनी तिला झोप आली, बराच आराम पडला. मधल्या काळात प्रकाशच्या बहिणीला शहाणपण सुचलं आणि तिने नंदाला सोनिवलीच्या नव्या टॉवरमधल्या एका वर्गात नेऊन बसवलं. तिथल्या बाईंनी मन शांत व्हावं म्हणून रंगवायला छापील मंडलं, म्हणजे गोल नक्षीचे कागद, वाटली आणि म्हणाल्या, "रेषेच्या बाहेर जाऊ नका आणि निगेटिव्हिटी सोडून द्या." नंदा घरी आली आणि मला म्हणाली, "ताई, सोडून कुठे देऊ? सईच्याच अंगावर जाईल ना ती."

त्याच आठवड्यात तिने स्वयंपाकघराच्या दारामागे, भिंतीवर, कोळशाने एक बाई काढली. जाडजूड, केस पिंजारलेले, मांडीवर पोरंच पोरं आणि अंगभर डोळे. "ही कोण गं?" मी विचारलं. "माझी भीती," ती म्हणाली. "छातीत जागा पुरेना, म्हणून हिला इथे बसवली." धडधड वाढली की नंदा तिच्या अंगावर आणखी एक डोळा काढायची. "एक डोळा काढला की ती बघत बसते सईकडे. मी भाकऱ्या भाजते." एवढं बोलून खरंच परातीत पीठ घ्यायची.

श्रावण लागला, आणि सासूबाईंची नजर दारामागे गेली. मांडीवर पोरं दिसली, झालं! म्हातारीने थेट हळदीकुंकू वाहिलं, दूर्वांची माळ चढवली. "बरा केला गो, घरीच जिवती काढलीस. बाजारचा कागद कुठं टिकतो?" पोरांना राखणारी जिवती आणि ही डोळेवाली अवदसा, यांतला फरक न कळायला माणूस किती आंधळं असावं? मी सांगायला तोंड उघडलं, तर नंदाने माझा हात दाबला. "राहू दे, ताई. तिलाही कोणीतरी गोड खायला घालू दे." तेव्हापासून दर श्रावणी शुक्रवारी त्या घरात भीतीला पुरणाचा नैवेद्य दाखवला जातो.

दिवसकार्य उरकल्यावर प्रकाशची बहीण पुन्हा शहाणपण घेऊन हजर झाली. "ते भूत आधी पुसा, पोरीच्या डोक्यावर परिणाम होईल." प्रकाशने नेहमीसारखी मान हलवली आणि रंगारी बोलावला. मी धावत गेले, पण माझ्याआधी म्हातारी त्या भिंतीला पाठ लावून उभी होती. "जिवतीवर रंग मारतंस? माझ्यावर मार आदी." रंगारी डबा घेऊन परत गेला. जे मला भांडून जमलं नसतं, ते तिच्या अडाणीपणाने केलं. हे लिहितानाही मला तिचा रागच येतो आहे.

सई हे सगळं बघत होती. आई गेल्यापासून पोरगी ताटावर बसायची आणि चिवडून उठायची. "काकू, ही खरंच जिवती आहे?" तिने हळूच विचारलं. मी खरं ते सांगितलं. आई कशाला घाबरायची, डोळे कशाचे, सगळं. ती बराच वेळ त्या डोळ्यांवरून बोट फिरवत राहिली. मग बॅगेतून पेन काढून तिने बाईच्या खांद्यावर एक बारीकसा डोळा काढला.

"हा कुणाला बघायला?"

"बाबांना. पाऊस असला तरी बाईकच काढतात."

सासूबाई लगेच कुंकवाची कोयरी घेऊन आल्या आणि त्या निळ्या डोळ्यावर बोट टेकवलं. सईने हात धुतले, पाट ओढला आणि म्हणाली, "आजी, वाढ गं. भूक लागलीय."