मालकाच्या हाताचा पहिला बोल्ट

कान्होजी मिस्त्रीचे पणजोबा दक्खनेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले ते तलवार घेऊन. कान्होजीच्या वाट्याला आली करवत. शिपाईगड्याचा ताठा मात्र पिढ्या उलटूनही उतरला नव्हता. संस्थानच्या इमारत खात्यात त्याने हयात घालवली आणि तिथली एक रीत जिवापाड जपली. छपराच्या लाकडी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, भिंतीच्या माथ्यावरच्या आडव्या तुळईवर बसवायच्या, पण पहिला बोल्ट मालकाने आपल्या हाताने कसायचा. तोवर कैच्यांना नुसता दोर.

फूलबागेजवळचा खात्याचा मोटारखाना छपरापर्यंत आला तो नेमका अठ्ठेचाळीसच्या मे महिन्यात. संस्थान मध्यभारतात विलीन झालं. खात्याच्या कामावर मालकाच्या जागी असणारे अधिकारी तात्यासाहेब "उद्या येतो" म्हणाले, ते आलेच नाहीत. बिचाऱ्यांची खुर्चीच जाग्यावर राहिली नव्हती. कान्होजी वाट पाहत बसला. असला हट्ट या माणसालाच सुचावा!

थोरला मुलगा सूर्याजीही सुतारच, बायकोमुलांचा धनी. आभाळ पिवळं पडलेलं पाहून तो म्हणाला, "आबा, आंधी येणार. मी सगळे बोल्ट कसून टाकतो. साहेब आले तर एक ढिला करून देऊ, क्या फर्क पडता है?"

"फर्क पडतो. हुद्दा गेला म्हणून त्यांचा मानही काढून घ्यायचा?"

बापाचा शब्द मोडायची सूर्याजीला सवय नव्हती. त्याने हातातला पाना खाली ठेवला.

दुपारी आंधी आली. धुळीत हाताला हात दिसेना. कैच्या डुलायला लागल्या तसा सूर्याजी पाना घेऊन कोणाला न विचारता वर चढला. पहिली कैची कलली, ती दुसरीवर गेली, आणि सगळ्या त्याच्यासकट खाली आल्या. त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्यात जीव नव्हता.

तिसऱ्या दिवशी तात्यासाहेब कान्होजीच्या दौलतगंजातल्या घरी पायी आले. सरकारी मोटार गेली होती. आत सूर्याजीची बायको रडत होती. त्यांनी हळूच विचारलं, "कान्होजी, बोल्ट का कसले नव्हते रे?"

"तुमची वाट पाहत होतो, साहेब. पहिला मान तुमचा."

तात्यासाहेबांचा चेहरा उतरला. "अरे, मला कसला मान? मी दर वेळी यायचो ते तुम्हा लोकांचं मन मोडू नये म्हणून. मला वाटायचं, ते तुम्हालाच हवंय."

कान्होजीने तीन दिवस एकच गोष्ट उराशी धरली होती: पोर गेलं, पण साहेबांचा मान राखताना गेलं. आता तेवढंही उरलं नाही. तो उठून आत गेला आणि सासरा असून त्याने सुनेचे पाय धरले.