मंदाच्या अंबाड्यातला आकडा

मंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी हरसूलच्या एसटीत होते आणि शेजारच्या सीटवर तिच्यासाठी पर्स ठेवलेली होती. ‘जागा धर गं,’ असं आदल्या संध्याकाळीच म्हणाली होती... नंतर भेटायला आलेले म्हणायचे, ‘सुटली बिचारी.’ सुटायला ती अडकली होती कुठे?

शाळेत ती गणिताची, मी मराठीची. शाळेला दान मिळालेले जुने कॉम्प्युटर मुलं बिघडवतील म्हणून तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी चालू करतानाच विचारला जाईल असा पासवर्ड टाकला आणि पुढे स्वतःच विसरले. मुलं वहीत कीबोर्डची चित्रं काढत बसायची. एका मधल्या सुट्टीत मंदानं एका कॉम्प्युटरचा प्लग उपसला, त्याच्या डब्याचं झाकण उघडलं आणि अंबाड्यातला आकडा काढून आतला रुपयाएवढा सेल उचकटला. मी घाबरले. म्हटलं, ‘‘मंदे, नोकरी घालवशील.’’

‘‘जाऊ दे गेली तर. पासवर्डबिसवर्ड सगळं या सेलच्या जिवावर लक्षात ठेवतो तो. चल, चहा घेऊ, तोवर विसरेल.’’

आम्ही चहा घेऊन आलो, तिनं सेल परत बसवला. पडद्यानं पासवर्ड मागितलाच नाही, फक्त तारीख-वेळ भरायला सांगितली. सर तणतणत आले, तर त्यांना म्हणते, ‘‘सर, कुलूप चोरासाठी असतं. इथे चोर कोण आहे?’’ त्यानंतर एक आकडा तिनं त्या खोलीच्या खिडकीच्या जाळीत कायमचाच अडकवून ठेवला.

ती गेली आणि नव्या मुख्याध्यापक सरांनी पुन्हा पासवर्ड टाकले. भिंतीवर तिचा फोटो, त्याला हार. मला म्हणाले, ‘‘बाई, आता बिघडले तर बघणार कोण? त्यांची आठवण म्हणून खोली आहे तशी जपू.’’ माझं डोकंच फिरलं. जिनं आयुष्यभर कुलपं काढली, तिची आठवण म्हणून कुलूप?

मधल्या सुट्टीत मी जाळीतला आकडा काढला. रडू येत होतं. पण सेल निघाला. चहा एकटीला गेला नाही, कप तसाच राहिला. सेल बसवून बटण दाबलं, तारीख विचारली गेली... मंदा नसलेल्या दिवसाची तारीख मी माझ्या हातानं भरली. दारातून सातवीच्या मुली विचारत होत्या, ‘‘बाई, झाला का चालू?’’

‘‘झाला. या, बसा.’’

सर खुशाल नवा पासवर्ड टाकोत. आकडा मी जाळीत परत ठेवलेला नाही. तो आता माझ्या अंबाड्यात असतो.