दोन खणांचं मशीन

त्या रविवारी मी सकाळीच मशीनचा वरचा खण पुसून ठेवला होता. गौतम शहापूरहून यायचा तो साडेअकराच्या सुमाराला. आला की खांद्यावरची पिशवी खुर्चीला अडकवायचा, तिच्यातून लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली डिस्क काढून त्या खणात सरकवायचा आणि मगच पाणी मागायचा. बारा वाजून गेले तरी त्याचा पत्ता नाही म्हणून मी मनातल्या मनात त्याला चार शिव्या हासडल्या, मटणाखालचा गॅस बंद केला, आणि तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे सुनंदा, त्याची बायको. "भाऊजी, ते आज यायचे नाय..." एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "बरं, मग पुढच्या खेपेला पाठव. माझं मटण फुकट गेलं म्हणून सांग त्याला." तिच्या मागे बायकांचे आवाज येत होते. ते आवाज कसले आहेत हे कळायला मला केवढा वेळ लागला, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. सकाळी आंघोळीचं पाणी काढता काढता छातीत कळ आली म्हणून तो खाटेवर बसला होता, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती त्याने.

आता दोन महिने होत आले. लिहावं की नाही यात बरेच दिवस गेले, कारण त्याच्याबद्दल खरं लिहायचं तर माझी एक गोष्ट लपवता येत नाही. आमच्या गावी, वैशाखऱ्याच्या शाळेत, आम्ही एका बस्करावर बसलो. आमचं घर शेतकऱ्याचं, त्याचं ओढ्यापलीकडे बौद्धवाड्यात. त्याचे वडील रेल्वेच्या गँगमध्ये होते, पंधरा-पंधरा दिवसांनी घरी यायचे. मी बारावीनंतर मुरबाडला तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये कारकून झालो आणि तिथेच लोणच्यासारखा मुरलो. तो डिप्लोमा करून ठाण्यातल्या एका लहानशा कंपनीत लागला आणि शहापुरात घर केलं. नव्वदच्या दशकात आमच्या भागात कॉम्प्युटर म्हणजे चपला बाहेर काढून बघायची वस्तू होती, आणि हा गडी त्याच्या पार गाभ्यात, ऑपरेटिंग सिस्टमच्या कर्नेलमध्ये हात घालून बसलेला. एकच मजकूर एकाच वेळी दोन डिस्कवर लिहायचा, म्हणजे एक मेली तरी दुसरीवर काम चालू राहतं. याला मिररिंग म्हणतात. या दोन डिस्कचा संसार कर्नेलने ध्यानात कसा ठेवायचा, त्याची मांडणी आखण्यात गौतमची उमेदीची वर्षं गेली.

मला समजावताना तो वहीत चौकोन काढायचा. सगळ्यात वर एक आकडा, डिस्क किती असायला हव्यात त्याचा. दोन. त्याखाली दोन खण. प्रत्येक खणात त्या डिस्कचा ठावठिकाणा, ती धड आहे की पडली, ताजी आहे की मागे राहिली. "लिवायचं दोघींवर," तो सांगायचा, "दोघींनी झालं म्हटल्याबिगर वर झालं म्हणून कळवायचं नाय. वाचायचं मात्र जी जवळ असंल तिच्याकडनं." एकदा मी शहाणपणा केला. म्हटलं, एक डिस्क मेली की वरच्या आकड्यात दोनाचा एक करायचा ना? त्याने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्याच्या घरची भिंतच पाडायला निघालोय. "आय मांडायची ते ताट आठवतं का तुला?" त्याने विचारलं. आठवत होतं. त्याचे वडील कामावर असले तरी मावशी, म्हणजे त्याची आई, रोज त्यांचं ताट घासून जेवणाच्या ओळीत पालथं मांडून ठेवायची. आम्ही पोरं ते ओलांडायला गेलो तर उलथनं दाखवायची. "तसंच हाय हे," गौतम म्हणाला, "मानूस नाय म्हणून मोजायचा सोडायचा नाय. जागा दोन म्हंजे दोन. एक रिकामी दाखवायची. आकडाच कमी केला, तर परत आल्यावर तो बसंल कुठं?"

जुने सुटे भाग जमवून त्याने माझ्या मुरबाडच्या घरात एक मशीन उभं केलं. सरकवता येतील असे दोन खण, त्यांतल्या डिस्कवर चिकटपट्ट्या, एकीवर १ आणि दुसरीवर २. शहापूरच्या घरात जागा नाही हे निमित्त होतं. खरं कारण मावशी. दम्याच्या औषधासाठी ती वैशाखऱ्याहून मुरबाडला यायची आणि आमच्याकडेच राहायची, कारण शहापुरात तिला करमायचं नाही आणि माझ्या बायकोशी, मंगलशी, तिचं फार गूळपीठ. दुपारी जेवणं झाली की आम्ही मावशीला माइकसमोर बसवायचो. ती भाताच्या जुन्या वाणांची नावं सांगायची, आवणीची, म्हणजे भातलावणीची, गाणी म्हणायची, बाळंतिणीला काय द्यावं ते सांगायची. धर्म घेतला त्या वर्षी वाड्यात पहिली वंदना म्हणताना सगळेच कसे चुकत होते ते सांगताना तिला हसू आवरायचं नाही. रेकॉर्डिंग थेट मशीनमध्ये व्हायचं, कॅसेट वगैरे काही नाही. "वामन्या," एकदा माइकला बोट लावत ती म्हणाली, "मी गेले तरी यो डबा बोलंल का रे?" मी म्हटलं, "बोलेल मावशी. मी बोलायला लावीन." एवढा मोठा शब्द मी इतक्या सहज दिला.

मावशी गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे जमतील तेव्हा तिचा आवाज लावायचा, असं गौतमने ठरवलं. तो वैशाखऱ्याच्या घरी अडकलेला, म्हणून आदल्या दिवशी मला निरोप आला, की मशीन जरा चालू करून बघ, उद्या जीपमध्ये टाकून आणू. मी बघायला गेलो तर वरचा, १ नंबरच्या डिस्कचा खण अर्धवट बाहेर. दिवाळीआधी रंगाऱ्याने मशीन हलवलं होतं, तेव्हापासून तो तसाच असणार, आणि तेव्हापासून मशीन दुसऱ्या एकाच डिस्कवर निमूट चाललं असणार. त्याच काळात तर मावशीचं जवळजवळ सगळं बोलणं भरलेलं. मी मोठ्या ऐटीत खण आत दाबला आणि मशीन लावलं. ते मधेच थांबलं. दोन्ही डिस्क जुळत नाहीत, कोणत्या डिस्कवरून भरायचं, असं त्याने विचारलं. समोर दोन आकडे दिले होते, १ पुढे लहान, २ पुढे बराच मोठा. प्रत्येक डिस्कच्या शेवटी एक मोजणी असते, काही घडलं की ती वाढते, हे गौतमने मला एकदा सांगितलं होतं. मी ते अर्ध्या कानाने ऐकलेलं. पण रेकॉर्ड रूममध्ये माझी हयात गेली होती, आणि तिथे एकाच जमिनीचे दोन कागद समोर आले तर आम्ही काय बघतो? मूळ कोणता, नक्कल कोणती. आणि खाडाखोड ज्यात कमी, फेरबदल ज्यात थोडे, तो कागद खरा. एक नंबरची डिस्क, वर मोजणीही लहान. मी १ टाकलं. मशीनने माझं ऐकलं आणि जुन्या डिस्कवरचा मजकूर ताज्या डिस्कवर शेवटपर्यंत ओतला. ते होईस्तोवर मी समोर बसून चहा प्यायलो.

दिवाळीपासूनच्या मावशीतलं काहीच राहिलं नव्हतं. त्याआधीचं होतं ते माइक जुळवतानाचं खरखरणं आणि तिचं खोकणं. दुसऱ्या दिवशी गौतम जीप घेऊन आला तेव्हा मी म्हणालो, "डिस्क उडाली रे." का म्हणालो? तोंडातून गेलं. त्याने मशीनपुढे बसून काहीतरी टाइप केलं, पडद्यावर आलेलं दोनदा वाचलं आणि स्क्रीन बंद केली. "व्हतं असं," म्हणाला. वैशाखऱ्याला भंतेजींची वंदना झाली, लोक जेवले, पांगले. आवाज काही लागला नाही. मी कोपऱ्यात पत्रावळ घेऊन बसलो होतो. चूक एका दुपारची होती. खोटं मात्र मी पुढे त्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत ओढत नेलं.

पुढच्या खेपेला आला तेव्हा त्याने दोन्ही चिकटपट्ट्या नखाने खरवडून काढल्या. १ आणि २ गेले, तिथे पेनाने 'मुरबाड' आणि 'शहापूर' लिहिलं. मी थट्टा केली, "डिस्कला गाव दिलंस, आता सातबाराही काढून देतो." तो हसला. एका छपराखाली दोन्ही प्रती नकोत म्हणून शहापूरची डिस्क तो बरोबर न्यायला लागला, आईच्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून. मशीन लावलं की पडद्यावर त्याने घातलेली एक नवीन ओळ यायला लागली : जागा दोन. डिस्क एक. चालू करू? मी हो टाकायचो. मग तो डोळखांबकडच्या पाड्यांवरून म्हाताऱ्या माणसांचं बोलणं टेपवर आणायचा, मी ते मुरबाडच्या डिस्कवर भरायचो. आईच्या जागी इतर आया जमवतोय असं मला वाटायचं, आणि ते बघवायचं नाही.

पुढे मंगल गेली. मूलबाळ नव्हतं, घर एकदम केवढं तरी मोठं झालं. तेव्हापासून गौतमची एकाआड एक रविवारची खेप चुकली नाही. शहापूरची डिस्क पंधरा दिवस मागे पडलेली असायची, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत परत भरायला दिवस कलायचा. तोवर तो माझा रेडिओ उघडून बसायचा, भाजी निवडायचा, जेवल्यावर खुर्चीतच डुलक्या काढायचा. काहीच न बोलता आम्ही तास तास बसलो आहोत. "किती झालं रे?" मी विचारायचो. "साठ टक्के. दम धर जरा." दर वेळी मी ठरवायचो, आज सांगायचं. शब्द ओठावर यायचे आणि मी चहा टाकायला उठायचो.

त्याच्या पुण्यानुमोदनाला शहापूरला गेलो. लोक गेल्यावर सुनंदाने त्याची पिशवी माझ्या हातात दिली, आत फडक्यातली डिस्क आणि त्याची वही. "ह्यातलं आमाला काय कळनार," म्हणाली. वहीत तेच चौकोन, तेच दोन खण. एका पानाच्या कडेला बारीक अक्षरात होतं : 'वामनने लहान आकड्याची खरी धरली. कागदाची सवय. आकडे मी दाखवले, चूक माझी. नंबर काढून गावांची नावं लिहावी. त्याला विचारायचं नाही.' ते पान मी दोनदा वाचलं. पुढची पानं उलटली. तिथे त्याने एक नकाशा काढला होता, शेताच्या वाफ्यांसारखे चौकोन चौकोन. एक डिस्क नसताना दुसरीवर जिथे जिथे लिहिलं गेलं, त्या वाफ्यात खूण करायची. डिस्क परत आली की खुणेचे वाफे तेवढे भरायचे. खाली लिहिलं होतं : 'चालला. दिवसाचं काम दहा मिनिटांत.' त्याला बरीच वर्षं झाली असावीत, शाई फिकटली होती. दहा मिनिटं! मग माझ्याकडे संध्याकाळ का व्हायची? त्याच ओळीच्या शेवटी उत्तर होतं : 'मुरबाडला हा लावायचा नाही. वेळ लागू दे.'

मी सुनंदासमोर रडलो, लहान पोरासारखा. ती घाबरली. मग मी तिला सगळं सांगितलं, डिस्क उडाली नव्हती, मी माझ्या हाताने मावशीचा आवाज पुसला, आणि इतकी वर्षं तुमच्या घरचं मीठ खाऊन खोटं बोललो. ती पदराने डोळे टिपत म्हणाली, "मला ठाव व्हतं भाऊजी. ते बोल्ले व्हते. म्हनायचे, वामन्या सांगंल कधीतरी, तवर इचारून त्याला लाजवायचं नाय." म्हणजे तो वाट बघत होता. माझ्याच खुर्चीत बसून, साठ टक्के म्हणत, वाट बघत होता... आणि मी चहा टाकत होतो.

परवाच्या रविवारी शहापूरची डिस्क मी वरच्या खणात सरकवली. एका ओळखीच्या मुलाने सांगितलं होतं, की तो नकाशा लावून देतो, काका, तुमचा वेळ वाचेल. मी नको म्हटलं. वाचवून ठेवायचा कुठे? भरणं सुरू झालं. त्याची खुर्ची समोर होती, पिशवी तिला अडकवलेली. मी जेवलो, भांडी घासली, परत येऊन बसलो. पडद्यावर साठ आलं तेव्हा खुर्चीकडे बघून मोठ्याने म्हणालो, "गौतम, डिस्क उडाली नव्हती रे. मीच केलं ते." घरात दुसरं कोणी नव्हतं. शेजारच्या अंगणात कोणीतरी भात पाखडत होतं, तेवढाच आवाज.

दिवेलागणीला भरणं पुरं झालं. दोन्ही डिस्क जुळल्या, असं मशीनने कळवलं. तशाच ठेवल्या असत्या तर पुन्हा काही करायची गरज नव्हती. मी शहापूरची डिस्क बाहेर काढली, फडक्यात बांधली आणि त्याच्या पिशवीत ठेवली. आता पंधरा दिवसांनी ती पुन्हा पहिल्यापासून भरावी लागेल. सोमवारी सकाळी मशीन लावलं तशी त्याची ओळ पडद्यावर आली : जागा दोन. डिस्क एक. चालू करू?

मी हो टाकलं.